अन्वय आणि छंद : बाखच्या ‘गोल्डबर्ग’ रचनेचे तंतुत्रयीसाठी झालेले रूपांतर

१

संस्कृत काव्य शिकविताना श्लोकाचा अन्वय लावून दाखविण्याची आपल्याकडील पद्धत जुनी आहे. छंदाच्या बंधनामुळे दूर दूर विखुरलेली पदे उचलून कर्ता, कर्म, क्रियापद अशा क्रमाने ठेवली म्हणजे कोणते विशेषण कोणत्या नामाचे हे विद्यार्थ्याला उमगते आणि तोपर्यंत बंद वाटणारा श्लोक उघडतो. परंतु अन्वय लावताना छंद मोडतो. आणि परस्परसंबद्ध पदांना एकमेकांपासून दूर ठेवण्यात कवीने जो ताण साधलेला असतो, तोही छंदाबरोबरच सुटतो. म्हणून अन्वयाला कमी लेखणारा पंडित आणि अन्वय कळला म्हणजे श्लोक कळला असे समजणारा विद्यार्थी, हे दोघेही सारखेच चुकतात.

पाश्चात्त्य संगीतातील एका प्रसिद्ध रूपांतराचा विचार करताना ही उपमा प्रस्तुत लेखकाला वारंवार उपयोगी पडली. योहान सेबास्टियन बाख (१६८५–१७५०) याने हार्प्सिकॉर्डसाठी लिहिलेली ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ या नावाने ओळखली जाणारी रचना दिमित्री सित्कोवेत्स्की या व्हायोलिनवादकाने १९८४ साली व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो या तीन गजवाद्यांसाठी मांडली, आणि व्हायोलावादक जेरार कोसे व चेलोवादक मिशा मैस्की यांच्या साथीने तिचे ध्वनिमुद्रणही केले. तेव्हापासून ही आवृत्ती अनेक त्रयींच्या कार्यक्रमांत स्थिरावली आहे. तिच्याविषयी बोलताना दोन प्रकारचे अभिप्राय हटकून ऐकू येतात. एका पक्षाच्या मते एका वाद्यासाठी लिहिलेली रचना दुसऱ्या वाद्यांवर नेणे हाच मुळात अपराध होय. दुसऱ्या पक्षाच्या मते तीन वाद्यांवर ही रचना ‘अधिक स्पष्ट’ ऐकू येते, आणि एवढ्याने रूपांतराचे समर्थन पुरे होते. पहिला अभिप्राय इतिहासाला धरून नाही हे पुढे दिसेल. दुसरा खरा आहे. परंतु स्पष्टता कशाची आणि ती कशाच्या मोबदल्यात मिळाली, हा प्रश्न तो विचारीत नाही. टीकाकाराचे काम नेमके या प्रश्नापासून सुरू होते असे आम्हांस वाटते.

या लेखात ‘व्हेरिएशन’साठी ‘रूपभेद’ आणि एकाच वेळी चालणाऱ्या अनेक स्वरओळींपैकी प्रत्येकीसाठी ‘स्वरधारा’ असे शब्द योजले आहेत.

२

मूळ रचनेची घडण प्रथम ध्यानी घेतली पाहिजे. ती १७४१ साली न्यूरेंबर्ग येथील बाल्टाझार श्मिड याने प्रसिद्ध केली. पट्ट्यांच्या दोन रांगा असलेल्या हार्प्सिकॉर्डसाठी ती लिहिली आहे, असे तिच्या मुखपृष्ठावर स्पष्ट म्हटले आहे. ‘गोल्डबर्ग’ हे नाव मात्र त्या मुखपृष्ठावर नाही. निद्रानाशाने त्रस्त झालेल्या काउंट कैसरलिंकला रात्री वाजवून दाखविता यावे म्हणून त्याच्या पदरी असलेल्या गोल्डबर्ग या तरुण वादकासाठी बाखने ही रचना केली, ही कथा फोर्केल याने १८०२ साली लिहिलेल्या चरित्रात येते. छापील प्रतीत अर्पणाचा एक शब्दही नसणे आणि गोल्डबर्गचे वय त्या वेळी अवघे १४ वर्षांचे असणे, या दोन गोष्टींमुळे अभ्यासक या कथेविषयी साशंक असतात. कथेच्या खरेपणावर आपल्या विवेचनाचे काहीच अवलंबून नसल्याने ती येथेच सोडून देऊ.

प्रारंभी ३२ ताल-खंडांची ‘आरिया’ येते. तिच्या मागोमाग ३० रूपभेद येतात आणि शेवटी आरिया पुन्हा जशीच्या तशी वाजविली जाते. आरियेची वरची सुरावट या रूपभेदांचा पाया नव्हे, ही गोष्ट नवीन श्रोत्याला बहुधा ठाऊक नसते. रूपभेद उभे राहतात ते आरियेच्या खालच्या, खर्जातील स्वरधारेवर आणि तिच्यातून निघणाऱ्या स्वरसंगतीवर. वरची रूपे सारखी बदलत राहतात आणि खालचा आधार तोच राहतो. आरिया, ३० रूपभेद आणि पुन्हा आरिया मिळून ३२ भाग होतात. आरियेचे ताल-खंडही ३२च. सारी रचना जी मेजरमध्ये आहे; फक्त १५, २१ आणि २५ हे तीन रूपभेद जी मायनरमध्ये आहेत.

या ३० रूपभेदांची तीन-तीनांची मांडणी आमच्या मुद्द्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. दर तिसरा रूपभेद ‘कॅनन’ आहे. म्हणजे त्यात एक स्वरधारा जे म्हणते तेच दुसरी स्वरधारा ठरावीक अंतराने म्हणत तिच्यामागून जाते. तिसऱ्या रूपभेदात हे अनुकरण त्याच स्वरावरून होते, सहाव्यात एक स्वर वरून, नवव्यात तिसऱ्या स्वरावरून. असे अंतर वाढत वाढत २७व्या रूपभेदात ते नवव्या स्वरापर्यंत पोचते. तिसावा रूपभेद मात्र कॅनन नाही. तेथे लोकप्रिय गाण्यांच्या तुकड्यांची गंमतीदार गुंफण असलेले ‘क्वॉडलिबेट’ येते. प्रत्येक त्रिकातील पहिला रूपभेद बहुधा एखाद्या नृत्याच्या किंवा परिचित रचनाप्रकाराच्या घाटाचा असतो : सातवा जिगसारखा, दहावा लहानशा फ्यूगचा, सोळावा फ्रेंच ओव्हर्चरचा. आणि पाचव्यापासून एकोणतिसाव्यापर्यंत प्रत्येक त्रिकाच्या मध्यावर वादकाच्या हातांची परीक्षा पाहणारा एकेक रूपभेद येतो. त्यात दोन्ही हात एकमेकांना ओलांडून जातात, एकाच जागी येऊन भिडतात आणि उड्या घेतात. हे शक्य व्हावे म्हणून तर पट्ट्यांच्या दोन रांगांची योजना. ११ रूपभेदांसाठी बाखने दोन रांगा सांगितल्या आहेत आणि तिघांच्या बाबतीत एक किंवा दोन अशी मुभा ठेवली आहे.

एकूण रचना तीन प्रकारच्या आनंदांची आळीपाळीने योजना करते : पहिला परिचित घाटाचा, दुसरा हातांचा, तिसरा बुद्धीचा. रूपांतराने या तिघांचे काय केले हे तपासणे हीच आमच्या मते परीक्षणाची खरी कसोटी होय.

३

तत्पूर्वी ‘अपराधा’च्या आक्षेपाचा थोडक्यात परामर्श घेऊ. बाख स्वतः आयुष्यभर रूपांतरे करीत होता. विवाल्डीच्या १७११ साली प्रसिद्ध झालेल्या कॉन्चेर्टोसंग्रहातील चार व्हायोलिनांची रचना त्याने चार हार्प्सिकॉर्डसाठी मांडली. स्वतःचे व्हायोलिन कॉन्चेर्टो त्याने हार्प्सिकॉर्डवर आणले. एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेल्या ई मेजर पार्टिटाचा प्रारंभ त्याने २९व्या कँटाटात ऑर्गन व वाद्यवृंदाला दिला.

याहून आपल्या विषयाला जवळचे उदाहरण जी मेजरमधील एका सोनाटाचे आहे. तो दोन बासऱ्या व खर्ज यांसाठी आढळतो, आणि व्हिओला द गाम्बा व हार्प्सिकॉर्ड यांसाठीही आढळतो. दुसऱ्या रूपात एका बासरीची स्वरधारा हार्प्सिकॉर्डवादकाच्या उजव्या हाताने उचलली आहे आणि दुसरी गाम्बाकडे गेली आहे. ऑर्गनसाठीच्या सहा त्रिस्वर-सोनाटांत तर दोन हात आणि पाय मिळून एकच माणूस तीन वादकांचे काम करतो. बाखच्या दृष्टीने ‘त्रयी’ ही विचाराची एक पद्धत होती. ती किती माणसांनी वाजवावयाची हा नंतरचा व्यावहारिक प्रश्न. एकाने वाजविलेली त्रयी तिघांत वाटून देणे हे बाखच्याच वाटेने, उलट्या दिशेने, चालणे आहे.

ही उलटी वाट सित्कोवेत्स्कीच्या पूर्वी दोन शतके चोखाळली गेली होती. १७८२ साली व्हिएन्नात बॅरन व्हान स्वीटन याच्या घरी दर रविवारी दुपारी हँडेल आणि बाख यांच्या रचना वाजविल्या जात. त्या सुमारास मोझार्टने बाखच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर’च्या दुसऱ्या भागातील पाच फ्यूग चार तंतुवाद्यांसाठी मांडले. त्याच काळात तंतुत्रयीसाठी केलेले सहा प्रेल्यूड व फ्यूगही मोझार्टच्या नावावर सांगितले जातात. त्यांचे कर्तृत्व संशयास्पद आहे, परंतु रूपांतरकाराची दृष्टी त्यांत चांगली दिसते. बाखचा डी शार्प मायनरमधील फ्यूग तेथे डी मायनरमध्ये येतो, एफ शार्प मायनरमधील जी मायनरमध्ये, आणि एफ शार्प मेजरमधील एफ मेजरमध्ये. व्हायोलिन, व्हायोला व चेलो यांच्या मोकळ्या तारांना मानवणाऱ्या स्वरस्थानी रचना आणली म्हणजे वाद्य मोकळेपणाने बोलते, हे त्यामागील कारण उघड आहे. सित्कोवेत्स्कीला ही अडचण आली नाही. जी आणि डी या तारा तिन्ही वाद्यांत आहेत, आणि ‘गोल्डबर्ग’ आपल्या मूळ जी स्वरस्थानीच या वाद्यांच्या पोटात शिरते. हा योगायोग रूपांतराच्या यशाला मोठा कारण झाला आहे असे आमचे मत आहे.

४

आता लाभाकडे वळू. हार्प्सिकॉर्डची तार छेडली की नाद त्याच क्षणी विरू लागतो. वादकाला तो वाढविताही येत नाही आणि धरूनही ठेवता येत नाही. गजाचा स्वर मात्र वादकाच्या इच्छेवर चालतो. या एका भेदाने काय घडते ते सहाव्या रूपभेदात ऐकावे. तेथे दुसरी स्वरधारा पहिलीच्या लगतच्या स्वरावरून तिच्यामागे येते. एक स्वर धरून ठेवलेला असतानाच शेजारचा स्वर येऊन त्याला घासतो, मग पहिला खाली उतरून वाट करून देतो, आणि ही घासाघीस पायरीपायरीने चालू राहते. हार्प्सिकॉर्डवर धरलेला स्वर घासण्याच्या क्षणापर्यंत अर्धा विरलेला असतो. त्यामुळे विसंवाद कागदावर पूर्ण आणि कानावर अपुरा राहतो. गजावर तो स्वर शेवटपर्यंत जिवंत असतो. बाखने लिहिलेला ताण येथे प्रथमच पूर्ण वजनाने ऐकू येतो, असे म्हणणे धाडसाचे होणार नाही.

तेराव्या आणि पंचविसाव्या रूपभेदांचा लाभ याहून उघड आहे. दोन्हींत वर एकच अलंकृत गाणारी स्वरधारा आहे आणि खाली दोन संयत धारा तिला आधार देतात. व्हायोलिनकडे वरची आणि व्हायोला-चेलोकडे खालच्या, ही वाटणी जणू रचनेतच लिहून ठेवलेली आहे. पंचविसाव्या रूपभेदाला हार्प्सिकॉर्डवादिका वांडा लांडोव्हस्का ‘काळा मोती’ म्हणत असे. त्यातील अर्ध्या-अर्ध्या स्वरांनी खचत जाणारी वेदना हार्प्सिकॉर्डवर श्रोत्याला कल्पनेने पुरी करून घ्यावी लागते. व्हायोलिनवर ती प्रत्यक्ष आहे. शिवाय गजवाद्याचा स्वर अर्ध्या केसाने चढविता-उतरविता येतो. संवादिनीची पट्टी आणि सारंगीची तार यांतील भेद ज्याने अनुभवला आहे त्याला हा मुद्दा वेगळा समजावून सांगण्याचे कारण नाही.

कॅननांचा विचार मात्र अधिक सावधपणे केला पाहिजे, कारण ‘स्पष्टते’ची सर्वांत मोठी प्रशंसा त्यांच्याच संदर्भात होते. तिसऱ्या रूपभेदात दोन्ही स्वरधारा एकाच उंचीवर, एकाच स्वरावरून चालतात. हार्प्सिकॉर्डवर त्यांचा नादही एकच. मागचा पुढच्यात इतका मिसळतो की कोण म्हणाले आणि कोणी पुन्हा म्हटले, हे कानाला दरवेळी नव्याने शोधावे लागते. तीन वाद्यांवर खालची धारा चेलोकडे गेली म्हणजे या दोन धारा स्वभावतःच व्हायोलिन आणि व्हायोला यांच्याकडे येतात, आणि एका क्षणात सारे उलगडते : हा बोलला, हिने उत्तर दिले. हाच अन्वय. पदे सुटी झाली आणि कर्ता सापडला.

परंतु व्हायोलिन आणि व्हायोला यांचे कंठ सारखे नाहीत. एकाच उंचीवरचा स्वर व्हायोलिनवर सहज असतो तेव्हा व्हायोलावर तो चढा, किंचित ओढलेला असतो. समान स्वरधारांच्या पाठलागाचे असमान व्यक्तींच्या संवादात रूपांतर होते. हे बाखच्या हेतूशी जुळते काय? याचे उत्तर छापील प्रतीतील सूचनांत शोधता येते, आणि ते एकेरी नाही. नऊ कॅननांपैकी आठ त्याने पट्ट्यांच्या एकाच रांगेवर वाजविण्यास सांगितले आहेत. जो संगीतकार दोन रांगांनी दोन वेगळे नाद सहज देऊ शकत होता त्याने येथे एकच नाद मागितला, यावरून नादाची एकता त्याला अभिप्रेत होती असे अनुमान कोणी काढील. पण या आठांत कॅननच्या दोन धारांखाली तिसरी, खर्जाची धारा आहे. तीन धारा दोन हातांत वाटताना कॅननच्या धारा पुरत्या वेगळ्या करणे वादकाला शक्यच नसते. २७वा रूपभेद हा एकमेव कॅनन असा आहे की ज्याला खर्जधारा नाही. तेथे धारा दोन आणि हातही दोन. नेमक्या त्याच ठिकाणी बाखने दोन रांगा सांगितल्या आहेत. जेथे धारा वेगळ्या करणे शक्य होते तेथे त्याने त्या वेगळ्या केल्या. या पुराव्यावरून आमचा कल असा होतो की कॅननांच्या बाबतीत त्रयीने बाखच्या इच्छेविरुद्ध काही केलेले नाही. हाताच्या मर्यादेमुळे अपुरी राहिलेली इच्छा तिने पुरी केली. या पूर्ततेत कानाचे श्रम मात्र वाचतात, आणि ते श्रम हा मूळ रचनेच्या आनंदाचा एक भाग होता. याचा विचार शेवटी करू.

२७व्या रूपभेदाने त्रयीपुढे एक वेगळीच गंमत ठेवली आहे. मूळ रचनेत तिसऱ्या वादकासाठी ओळच नाही. उलट चौथा, दहावा, बाविसावा आणि तिसावा या रूपभेदांत चार धारा आहेत आणि वादक तीनच. तेथे कोणाला तरी दोन तारांवर एकदम गज फिरवावा लागतो. ‘तीन धारा, तीन वादक’ हे समीकरण वाटते तितके सरळ नाही, हे यावरून कळून येईल.

५

आता दुसऱ्या वर्गाकडे, म्हणजे हातांच्या आनंदाकडे पाहू. रूपांतराची खरी कसोटी येथे आहे, आणि प्रशंसकांनी येथेच मौन पाळले आहे.

पाचव्या रूपभेदात एक हात सलग धावत असतो आणि दुसरा त्याच्यावरून उडी घेऊन खालून वर, वरून खाली जातो. ही उडी नुसत्या स्वरांची नाही, शरीराची आहे. एकाच माणसाचा हात क्षणार्धात वाद्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचतो. पोचेल की नाही ही धास्ती आणि पोचल्याचा हर्ष हे त्या रूपभेदाचे अर्धे सार आहे. ही उडी मारणारी ओळ दोन वाद्यांत वाटली तर खालचा स्वर चेलोकडे, वरचा दुसऱ्याकडे जातो. स्वर सगळे जागच्या जागी राहतात आणि उडी नाहीशी होते. ती एकाच वाद्याला दिली तर उडी राहते, पण एका हाताने दुसऱ्याला ओलांडण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण दुसरा हात दुसऱ्या माणसाचा आहे. अकराव्या, सतराव्या व विसाव्या रूपभेदांत हेच घडते. दोन धारा एकमेकींना छेदून जातात तेव्हा हार्प्सिकॉर्डवर दोन हातांचा एकमेकांना लागणारा धक्का जाणवतो. व्हायोलिन आणि व्हायोला यांच्या बाबतीत धारांचे एकमेकींना छेदणे ही नित्याची गोष्ट आहे, तीत कोणाचे काही पणाला लागत नाही.

या वर्गाची चढण अखेरीस तीव्र होत जाते. सव्विसाव्या रूपभेदात एक हात झरझर धावणारे स्वर आणि दुसरा संथ सारबांदचे स्वरसमूह वाजवितो, आणि दोघे मध्येच भूमिका बदलतात. अठ्ठाविसावा लांबच लांब थरथरत्या स्वरांचा आहे. एकोणतिसाव्यात दोन्ही हात आळीपाळीने भरगच्च स्वरसमूह आदळतात. एका माणसाच्या दहा बोटांतून हे सारे निघत असताना तो आपल्या शक्तीच्या सीमेवर उभा आहे असे श्रोत्याला वाटते, आणि म्हणूनच तिसाव्यातील सैलपणा सुटकेसारखा भासतो. तिघांत वाटल्यावर श्रम तिघांत वाटले जातात. उत्तम त्रयी हे रूपभेद चमकदारपणे वाजवितात याबद्दल वाद नाही. परंतु ती चमक एकमेकांशी अचूक जुळवून घेण्याची आहे. अडचण बदलली आणि तिच्याबरोबर अर्थही बदलला.

याचा परिणाम एकेका रूपभेदापुरता मर्यादित राहत नाही, हे विशेष आग्रहाने सांगितले पाहिजे. दर त्रिकात घाट, हात आणि बुद्धी यांचा जो तोल बाखने ठेवला आहे, त्यातील तिसरी बाजू रूपांतराने जड होते आणि दुसरी हलकी होते. त्रयीने वाजविलेली ‘गोल्डबर्ग’ अधिक चिंतनशील, अधिक गाणारी, अधिक ‘चेंबर’ होते. तिच्यातील कसरतीचा, जवळजवळ जत्रेतल्या खेळाचा अंश कमी होतो. बाखला केवळ गंभीर मानणाऱ्या रसिकाला हा बदल सुखावेल. आम्हांस तो थोडा चिंतेचा वाटतो, कारण बाख केवळ गंभीर नव्हता.

६

रूपांतरकाराच्या आणखी एका जबाबदारीकडे लक्ष वेधले पाहिजे. कोणते स्वर एका गजात घ्यावयाचे आणि कोठे गज उलटावयाचा, हे मूळ हार्प्सिकॉर्ड-लेखनात असण्याचे कारणच नव्हते. गजवाद्यासाठी ते प्रत्येक ठिकाणी ठरवावे लागते. आणि गज उलटणे म्हणजे वाक्यात विराम घालणे होय. अशा रीतीने रूपांतरकार एकही स्वर न बदलता सर्व रचनेला विरामचिन्हे घालून देतो. पंधराव्या रूपभेदाचा शेवट पाहा. तेथे दोन हात एकमेकांपासून दूर जातात, वरची धारा एकटी उंच जाते आणि रचना जणू उत्तर न मिळता थांबते. हार्प्सिकॉर्डवर तो उंच स्वर आपोआप विझतो. ते विझणे वाद्याचे आहे, कोणाचे मत नव्हे. व्हायोलिनवर तो कसा संपवावयाचा हे माणसाला ठरवावे लागते : विरवावा, धरावा की तोडावा. मूळात जी गोष्ट निसर्गतः घडत होती ती येथे निर्णय होऊन बसते.

सित्कोवेत्स्कीने हे रूपांतर ग्लेन गूल्ड या कॅनेडियन पियानोवादकाच्या स्मृतीस अर्पण केले आहे. गूल्डने ही रचना १९५५ आणि १९८१ अशी दोनदा ध्वनिमुद्रित केली आणि १९८२ साली तो निवर्तला. या अर्पणात एक विसंगती आहे. गूल्डची ख्याती स्वरांना एकमेकांपासून सुटे, कोरडे, टोकदार ठेवण्याबद्दल होती. स्वर जोडणे हे तर गजाचे सहजकर्म. परंतु थोडा विचार करता ही विसंगती वरवरची ठरते. पियानोवर एकाच नादात बांधलेल्या धारांना स्वतंत्र व्यक्तित्व देण्यासाठी गूल्डने तो सुटेपणा स्वीकारला होता. एका माणसाला जे बोटांच्या तपश्चर्येने साधावे लागले ते तीन माणसांच्या केवळ उपस्थितीने साधते. साध्य एकच, साधने परस्परविरुद्ध. मात्र गूल्डच्या वादनातील थरार हा धारा एकाच मुठीतून सुटू पाहत आहेत आणि तरीही सुटत नाहीत यात होता. तीन मुठी झाल्या की तो राहत नाही.

अन्वय एकच असतो असेही नाही. फ्रांक पीटर झिमरमान, आंत्वान तामेस्ती आणि क्रिस्तियान पोल्तेरा यांच्या त्रयीने सित्कोवेत्स्कीची आवृत्ती न घेता स्वतःची आवृत्ती सिद्ध केली आणि तिचे ध्वनिमुद्रण २०१९ साली प्रसिद्ध झाले. एकाच वाद्यसंचासाठी एकाच रचनेची दोन रूपांतरे होऊ शकतात, यावरून ‘रूपांतर म्हणजे यांत्रिक वाटणी’ हा समज पुरता निराधार ठरतो. टीकाकारांनी म्हणून ‘त्रयीवर ही रचना कशी वाटते’ असा मोघम प्रश्न न विचारता, अमुक रूपांतरकाराने अमुक ठिकाणी काय निवडले आणि का, हे तपासले पाहिजे.

७

अखेर तिसाव्या रूपभेदाविषयी. क्वॉडलिबेट हा बाखच्या घराण्यातील कौटुंबिक खेळ होता, असे फोर्केल सांगतो : सारे नातलग एकत्र जमले म्हणजे निरनिराळी लोकप्रिय गाणी एकमेकांत मिसळून हसतखेळत गात. या रूपभेदात ओळखू येणाऱ्या गाण्यांपैकी एक दीर्घ विरहाविषयीचे आहे आणि दुसरे कोबी व सलगम यांविषयीचे. हार्प्सिकॉर्डवर एक माणूस एकट्याने ही मैफल आठवीत बसतो. त्यात एक सूक्ष्म उदासपणा आहे, आणि मागोमाग येणाऱ्या आरियेला तो शोभतो. त्रयीत तीन माणसे खरोखरच एकत्र बसलेली असतात, एकमेकांकडे पाहत असतात, आणि चार धारा पुऱ्या करण्यासाठी कोणीतरी दोघांचे गाणे एकटा म्हणत असतो. हातांच्या रूपभेदांत गमावलेले सारे येथे भरून येत नाही. तथापि घरगुती गाणे पुन्हा घरच्या बैठकीत आल्याचा आनंद अपूर्व आहे, आणि रूपांतराने मूळ रचनेला दिलेले हे सर्वांत मोठे देणे होय असे आम्ही समजतो.

आमचा निष्कर्ष असा. या रूपांतराने बाखच्या विचाराचा अन्वय लावला, आणि तो बहुतांशी विश्वासार्ह आहे. जेथे रचना मुळातच त्रयी म्हणून कल्पिलेली होती तेथे तो मूळ अर्थ अधिक भरीवपणे हाती देतो. जेथे रचना एका शरीराच्या मर्यादेवर उभी होती तेथे स्वर राहतात आणि छंद मोडतो. ही हानी रूपांतरकाराच्या कौशल्याची कमतरता मानणे अन्यायाचे होईल. अन्वयाच्या स्वरूपातच ती आहे. मात्र ज्याने हार्प्सिकॉर्डवर अथवा पियानोवर ही रचना कधीच ऐकली नाही आणि केवळ त्रयीच ऐकली, त्याच्यापर्यंत ही हानी पोचतच नाही, कारण काय सुटले हे त्याला ठाऊकच नसते. सोप्या झालेल्या श्रवणातील धोका तो हाच.

म्हणून विद्यार्थ्यांना एक लहानसा अभ्यास सुचवावासा वाटतो. विसावा आणि एकविसावा हे लागोपाठचे दोन रूपभेद घ्यावेत : पहिला हातांचा, दुसरा सातव्या स्वरावरील, मायनरमधील कॅनन. ते प्रथम हार्प्सिकॉर्डवर ऐकावेत, मग त्रयीवर, आणि मग पुन्हा हार्प्सिकॉर्डवर. तिसऱ्या खेपेस एकविसाव्यातील दोन धारा पूर्वी जेथे ऐकू येत नव्हत्या तेथे ऐकू येऊ लागतील. हे त्रयीचे ऋण. आणि विसाव्यात दोन हात एकमेकांवरून जाताना कानालाच काय, श्वासालाही काहीतरी जाणवेल, जे त्रयीत जाणवले नव्हते. या दोन्ही गोष्टी ज्याने स्वतः अनुभवल्या त्याला रूपांतराविषयी कोणाचा अभिप्राय विचारण्याची गरज राहणार नाही.